आक्काला जोखणारा माणूस

आमचं दुकान मिरजगावात हायवेला लागून आहे. बियाणं, खतं, औषधं, ठिबकच्या नळ्या आणि पाखरं अडवायची जाळी, असा सगळा माल. मालक म्हणून पाटीवर नाव आमच्या ह्यांचं, पण हे माल आणायच्या नावाखाली दिवसभर हिंडतात आणि गल्ल्यावर मी बसते. गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला माणसं दोनच प्रकारची दिसतात, भाव करणारी आणि नुसतीच बोलत बसणारी. भानूअण्णा तिसऱ्याच प्रकारचे निघाले.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी वजनकाटा मागितला. साधा नाही, टोमॅटो-मिरचीचं चिमूटभर बी जोखायला आम्ही वापरतो तसला, ग्रॅमचा.

"सोनं जोखायचंय का अण्णा?" मी म्हटलं.

ते इतक्या हळू बोलले की मला काउंटरवरून वाकावं लागलं. "न्हाई वहिनी. आक्काला जोखायचंय."

आता ज्या काट्यावर बी जोखतात त्यावर कुणाची थोरली बहीण कशी मावणार? मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. त्यांनी बाहेर बोट दाखवलं. त्यांच्या मोटारसायकलच्या हँडलला गोणपाट गुंडाळलं होतं आणि त्यावर एक शिक्रा बसला होता, छोट्या ससाण्यासारखा शिकारी पक्षी. बसली होती म्हणायला हवं, मादी होती. कबुतराएवढी, करड्या पाठीची, छातीवर तांबूस पट्टे. हिशेब चुकलेल्या नोकराकडं आमचे हे ज्या नजरेनं बघतात, त्याच नजरेनं ती हायवेवरच्या ट्रककडं बघत होती. मी मुकाट्यानं काटा काढून दिला.

भानूअण्णांची वस्ती मिरजगावपासून आत, कर्जतच्या अंगाला. ज्वारीचं रान, थोडी डाळिंबं, दोन गाई. मुलगा चाकणला कंपनीत. तरुणपणी अण्णा ड्रायव्हर म्हणून आखातात गेले होते. ज्याची गाडी ते चालवायचे त्याचा धंदा काय, तर काचेच्या उंच हॉटेलांवर कबुतरं बसू नयेत म्हणून हातावर ससाणा घेऊन फिरायचं. अण्णा आधी नुसती गाडी चालवत, मग पक्ष्यांच्या खोल्या धुवायला लागले, मग पक्षी हातावर घ्यायला लागले. माणसं तिकडून सोनं आणतात, टीव्ही आणतात. अण्णांनी कातड्याचा एक हातमोजा आणला, डाव्या हाताचा. इंदूबाई, त्यांची बायको, हे सांगताना दर वेळी कपाळावर हात मारून घेत. "येकच! जोडी बी न्हाई!"

तो हातमोजा कित्येक वर्षं खुंटीला लटकला. मग हायवे रुंद करताना रस्त्याकडेचा एक जुना कडूनिंब पाडला, त्यातल्या घरट्यातलं एक पिल्लू पंख दुखावून का होईना जगलं, आणि हातमोज्याला काम मिळालं.

पाखरू घरात ठेवणं कायद्यात बसत नाही, हे अण्णांना ठाऊक होतं. म्हणून ते स्वतःच कर्जतला जाऊन वनखात्याच्या साहेबांना सांगून आले. असलं काम आमच्याकडं दुसरं कुणी केल्याचं मला आठवत नाही. साहेब म्हणाले, पंख बरा झाला की सोडून द्या. वर्षभरानं साहेब वस्तीवर आले, तर आक्का ओट्यापुढच्या खुंटावर बसलेली.

"अहो, सोडायला सांगितलं होतं ना?"

"रोज सोडतो साहेब," अण्णा म्हणाले. "तीच येती."

आणि साहेबांसमोर त्यांनी तिच्या पायातली दोरी काढून तिला सोडली. ती विहिरीवरून, लिंबोणीवरून लांब चक्कर मारून दिसेनाशी झाली. साहेबांचा चहा संपेपर्यंत अण्णा थांबले. मग शीळ घातली आणि डावा हात वर केला. साहेबांनी कपबशी खाली ठेवायच्या आत आक्का हातावर. साहेब उठले, म्हणाले, "मी काही पाहिलं नाही," आणि जाता जाता मोबाईलवर फोटो मात्र काढून घेऊन गेले.

अण्णांचं सगळं येऊन थांबायचं ते ह्या एका गोष्टीवर, की सोडलेली आक्का परत आली पाहिजे. तिला पिंजरा नव्हता आणि पंखाला कात्री नव्हती. तिला बांधून ठेवत होती ती फक्त भूक, आणि भूक अण्णा रोज सकाळी माझ्याकडून नेलेल्या काट्यावर जोखत. जड भरली तर त्या दिवशी उडवायची नाही, कारण मग ती येणार नाही. हलकी भरली तरी उडवायची नाही, कारण मग ती जीव घेणार. "पोट भरलं की वळख इसरती वहिनी," ते म्हणत, "आन उपाशी ठिवलं की लाज इसरती. मानसाचं बी तसंच हाय, पन मानसाला जोखायला काटा कुटं घावायचा?"

बोलणं असंच, कानात सांगितल्यासारखं. आक्काला गोंगाट खपत नाही म्हणून अण्णांनी आवाज खाली आणला तो आणलाच. लग्नातही ते हळूच बोलत आणि लोक "काय? काय?" करत. डावा हात कोपरात वाकवून छातीपुढं धरायची सवय झालेली. आक्का घरी असली तरी ते एसटीत तसाच हात धरून उभे राहत, आणि कंडक्टर हमखास विचारी, "अण्णा, हात मोडला का काय?"

आमच्या भागात डाळिंबाला आणि ज्वारीला राघूंचा फार त्रास. राघू पोटापुरतं खात नाही. एक फळ टोकरतो, टाकतो, दुसरं धरतो. माणसं आधी गोफण चालवत, मग फटाके वाजवू लागली, मग जाळी आली. जाळी मीच विकते. तिच्यात राघू अडकतो, पंखानं, पायानं, कधी मानेनं, आणि उन्हात तसाच लटकून मरतो. काही जण दाण्याला औषध लावून ठेवतात, ते कुठून नेतात हेही मला माहीत आहे. अण्णा पहाटे उठून दुसऱ्यांच्या बागांत कातर घेऊन हिंडायचे आणि जिवंत असतील ते राघू सोडवायचे. त्यात जाळी कापली जायची. मग मालकाच्या शिव्या खाऊन माझ्याकडं यायचे, जाळीचा तुकडा न्यायचे आणि भोक शिवून द्यायचे. हातांना राघूंनी घेतलेल्या चाव्यांच्या खुणा असत. आमचे हे म्हणत, असं गिऱ्हाईक गावात आणखी एक मिळालं तर बरं होईल.

"भ्या पुरं," हे अण्णांचं वाक्य. "भ्या पुरतंय. रगत कशाला पायजे?"

तात्या म्हणून त्या भागातले मोठे बागाईतदार. आवाज असा की ते बांधावर बोलले तर वस्तीवर ऐकू यावं. आधी तेच अण्णांना सगळ्यांत जास्त हसायचे. "काय भानुदास, आज आक्का म्हायेरी गेल्या का?" पण एका हंगामात जाळी लावूनही बाग टोकरली गेली आणि तात्यांनी, गंमत म्हणून का होईना, अण्णांना बोलावलं. मीही त्या दिवशी औषधं पोहोचवायला तिथं गेले होते. बाग हिरवी नव्हती, राघूंनी हिरवी दिसत होती. अण्णा बांधावर गेले, दोरी काढली, हात झटकला. आक्का जमिनीलगत गेली, शेवटच्या झाडाशी उभी वर चढली, आणि साऱ्या बागेतून एकच ओरडा उठला. थवाच्या थवा आभाळात गेला. तिनं कुणाला शिवलंसुद्धा नाही. दोन घिरट्या घातल्या, अण्णांच्या शिळेसरशी परत आली, मांसाचा तुकडा खाल्ला आणि पिसं साफ करत बसली. तात्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. म्हणाले, "आयला."

त्यानंतर आक्काला बोलावणी सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ चार बागांवरून तिची फेरी असे. राघू पुरते जात नसत, पण उतरायला धजत नसत. जाळीच्या गुंडाळ्या माझ्या दुकानात धूळ खाऊ लागल्या. आमचे हे कुरकुरले, पण मला बरं वाटलं.

एकदाच तिनं राघू मारला. खाली बसून ती त्याची पिसं उपटत होती आणि अण्णा जवळ उकिडवे बसून बघत होते. तिला ओढलं नाही, रागावले नाहीत. "तिची चूक न्हाई, माजं जोखायचं चुकलं. हलकी हुती आज," एवढंच म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं इंदूबाईंनी मला सांगितलं. हे सांगताना त्या चिडल्या होत्या, पण आता नवऱ्यावर नाही, राघूवर. "मधी मधी कशाला आला मेला!"

इंदूबाईंचीही एक गोष्ट आहे. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. सुरुवातीला त्यांनी बजावलं होतं, "ही हत्यारीन माज्या वट्यावं नको आन तिचं वशाट माज्या घरात नको." म्हणून आक्काचा डबा आमच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये राहायला आला. ताकाच्या पिशव्यांशेजारी कोंबडीच्या माना. अण्णा रोज सकाळी येऊन त्या दिवसापुरतं नेत. मग एका थंडीत आक्का आजारली. चोच उघडी टाकून बसून राहायची. अण्णा डॉक्टर शोधायला नगरला गेले आणि माळकरी इंदूबाई दिवसभर तिच्यापाशी शेगडी घेऊन बसल्या. ती बरी झाल्यापासून मांसाचे बारीक तुकडे त्याच करू लागल्या. मी बघितलं तेव्हा लाजल्या. "हात धुतला की झालं. इठ्ठल काय आंधळा हाय व्हय?" डबा मात्र फ्रीजमध्येच राहिला, घरात फ्रीज नव्हता.

गेल्या हंगामात तात्यांनी पिराला नवस केला, की बाग पाखरापासून वाचली तर कंदुरी करीन. बाग वाचली. माळावरच्या पिरापाशी बोकड कापला, सारा शिवार जेवायला आला. आम्हीही गेलो. मान आक्काचा होता. तात्यांनी तिच्यासाठी कडूनिंबाच्या सावलीत नवा खुंट रोवला, त्याला फेट्याचं कापड गुंडाळलं. अण्णा पंगतीत वाढत होते आणि आक्कापाशी इंदूबाई बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी.

माणसं येत होती, हात जोडत होती, फोटो काढत होती. कुणी म्हणे केवढी देखणी, कुणी म्हणे हिनं आमची ज्वारी राखली. इंदूबाईंचा जीव वरखाली व्हायला लागला. एवढ्या नजरा! त्यांनी पिशवीतून काळा दोरा काढला, आक्काच्या पायातल्या कातडी पट्टीच्या वर, पिसांच्या आत, गुंडाळून बांधला. मी पाहत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, माझ्या नातवाच्या पायातही तसाच आहे. मग तात्यांच्या घरच्या बायांनी कलेजीची वाटी आणली, पहिला घास आक्काचा म्हणून. इंदूबाईंनी माळ पदराखाली लपवली आणि स्वतःच्या हातानं तिला भरवलं. आक्का खात गेली, त्या भरवत गेल्या. त्या दिवशी त्यांच्याइतकी सुखी बाई मी पाहिली नाही.

जेवणं झाल्यावर तात्या ओरडले, "भानुदास, देवाच्या दारात एक घिरटी हून जाऊ द्या!"

अण्णांनी मान हलवली. "आज नको तात्या. गर्दी हाय."

"आरं, तिच्यासाठनं तर समदं केलं! लांबलांबनं मानसं आल्यात."

अण्णा आक्कापाशी आले. इंदूबाईंना हळूच विचारलं, "काय घातलं का तिला?"

"थोडंसं," इंदूबाई म्हणाल्या. खरंच त्यांना ते थोडंसंच वाटलं असणार. घरच्या माणसाला भरवताना कुणाला जास्त वाटतं?

काटा घरी होता. भोवती शंभर माणसं मोबाईल वर धरून उभी. अण्णांना जन्मात कुणाला ठामपणे नाही म्हणता आलं नव्हतं, आणि त्या हळू आवाजात म्हटलेलं नाही कुणाला ऐकूही गेलं नसतं. त्यांनी दोरी काढली आणि हात झटकला. आक्का पिराच्या निशाणावरून वर गेली. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. ती लांबच्या एका बाभळीवर टेकली, मान वळवून एकदा बघितलं आणि कालव्याच्या बाजूला निघून गेली. अण्णांनी शीळ घातली, हात वर केला. गर्दी पांगली, भांडी घासून झाली, टेम्पो भरले, तरी तो हात वरच होता.

पुढचे बरेच दिवस ते कालव्याच्या कडेनं बाभळीच्या रानात हिंडले. आमचे हे टेम्पो घेऊन सोबत जात. इंदूबाई दारात बसून. अण्णा त्यांना सांगत, भूक लागली की यील.

मग एका दुपारी अण्णा एकटेच दुकानात आले. हातात कापडी पिशवी. मला म्हणाले, "वहिनी, कातर द्या." मी त्यांना आत, मालाच्या खोलीत नेलं. त्यांनी पिशवी उघडली. आक्का होती, पण निम्मीसुद्धा उरली नव्हती. बाभळीच्या फांदीला उलटी लटकलेली सापडली. पायातल्या त्या दोऱ्याला चोचीनं सैल करायला गेली असावी, त्याचं टोक सुटून काट्यांत गुंतलं आणि पीळ बसत गेला. उडायला गेली की आवळायचा. जाळीत राघू लटकतात तशीच लटकली होती.

अण्णांनी तो दोरा कापला. मग तिथं मांडणीवरच्या तसल्याच दुसऱ्या वजनकाट्याकडं बघत म्हणाले, "भुकंनं मेली वहिनी. मी रोज जोखत हुतो, आन भुकंनंच मेली."

मला रडू आलं, पण ते रडत नव्हते म्हणून मलाही रडता येईना.

दुकानामागं शेवग्याच्या बुडाशी आम्ही तिला पुरलं. दोरा त्यांनी खिशात घातला. जाताना म्हणाले, "इंदूला कळता कामा न्हाई. दोऱ्याचं तर न्हाईच, पन गेल्याचं बी न्हाई. गेली म्हनलं तर कशानं इचारंल. मला तिच्यापुढं खोटं बोलता येत न्हाई, गप ऱ्हाता येतं."

मला तात्यांचा राग यायचा, पण राग धरावा असं त्यांनी केलं काय होतं? कुणीच वाईट वागलं नव्हतं. सगळ्यांनी तिच्यावर माया केली, आणि त्या मायेपुढं अण्णांचा काटा, अण्णांची शिस्त, काही टिकलं नाही. ह्याच्यावर देवाकडंही तक्रार करता येत नाही. तात्या दुकानात आले तेव्हा म्हणाले, "दुसरं पाखरू धरून आना म्हनावं की भानुदासला," आणि जाळीच्या गुंडाळ्या घेऊन गेले. मागोमाग बाकीचेही आले. माझा माल खपला. ह्या वर्षी बागांवरून जाताना मी वर बघत नाही. पहाटे राघू सोडवायला आता कुणी जात नाही. अण्णांना मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कातरीला हातच लागत न्हाई वहिनी."

आक्काचा डबा मात्र अजून आमच्या फ्रीजमध्ये आहे. अण्णा रोज येतात, कोंबडीच्या माना नेतात.

परवा ते आले नाहीत म्हणून संध्याकाळी मीच डबा घेऊन वस्तीवर गेले. अण्णांना ताप होता, तरी ते ज्वारीच्या कडेला उभे होते. हातात कातडी हातमोजा, हात वर. शीळ घालत होते. मध्ये थांबून ऐकल्यासारखं करत होते आणि पुन्हा शीळ. त्यांच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, राघू ज्वारीच्या कणसांवर निवांत बसून खात होते. एकही उडाला नाही. अण्णांनी वळूनही पाहिलं नाही.

ओट्यावर इंदूबाई बसल्या होत्या. मी दिलेला डबा उघडून त्यांनी तिथंच विळीवर बारीक तुकडे करायला घेतले. फार वाळल्या आहेत. खुंटापाशी वाटीत ताजं पाणी भरून ठेवलेलं होतं.

"तापात उबं ऱ्हातंया मानूस," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, आज ऱ्हाऊ द्या. पन ऐकत न्हाईत. त्यास्नी वाटतंय तिचं काय बरंवाईट झालं आसंल. बोलत न्हाईत, पन मला कळतं की."

मी पदर सावरत राहिले. तिकडं पुन्हा शीळ झाली.

इंदूबाईंनी हात पुसला आणि माझ्याकडं वाकून, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्याच्यासारख्याच हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी तरी सांगा वहिनी त्यास्नी, घोर नका करू म्हनावं. तिला काय बी हुनार न्हाई. म्या सोता दोरा बांदलाय तिच्या पायात."